मुहूर्तमेढ रोवायची कुठे?

मराठीत एखादं चांगलं काम सुरू झालं की आपण म्हणतो, 'मुहूर्तमेढ रोवली'. नवीन लॅबची मुहूर्तमेढ, क्रिकेट टीमची मुहूर्तमेढ, अगदी या मासिकाच्या मराठी विभागाचीसुद्धा कोणीतरी कधीतरी मुहूर्तमेढ रोवलीच असणार! मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हा शब्द मला बारावीपर्यंत फक्त स्टेजवरच्या भाषणांतच भेटला. मेढ म्हणजे मांडवाचा खांब, आणि लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब मुहूर्त बघून जमिनीत रोवतात ती मुहूर्तमेढ, हे मला आजीनं समजावलं. पण मित्रांनो, मला सांगा, आज ती रोवणार कुठे? रोवायला माती राहिलीय कुठे?

आमचं गाव नागोठणे. रोहा तालुक्यातलं, पण पेण तालुक्याच्या हद्दीला चिकटलेलं. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना अंबा नदी लागली की समजायचं, नागोठणे आलं. आमच्याकडे पूर्वी घरोघरी मातीचं अंगण असायचं. पाऊस संपला की ते चोपून, शेणाने सारवून तयार करायचं, बांबू किंवा लाकडाचे खांब पुरून वर झावळ्या टाकायच्या, की मांडव तयार. त्याच सावलीत पापड वाळायचे, लग्नं लागायची, दुपारच्या झोपा व्हायच्या. आणि जूनच्या आत तो मांडव उतरवला जायचा, खड्डे मातीने बुजवले जायचे. विषय संपला.

आता अंगणात कोबा आहे, नाहीतर शहाबादी फरशी, नाहीतर रंगीत पेव्हर ब्लॉक. चिखल नाही, साप-विंचू दिसतात, म्हातारी माणसं घसरत नाहीत. मी काही 'गेले ते दिवस' म्हणून रडणार नाही. पण उन्हाळ्यात कोबा असा तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. म्हणून मांडवाची गरज उलट वाढलीच आहे. फक्त त्याला आता 'पर्गोला' म्हणतात! नाव इटालियन, वस्तू आपलीच. चार खांब, वर पट्ट्या, त्यावर मधुमालती किंवा दोडक्याचा वेल. फार्महाऊसवर पर्गोला, बंगल्यात पर्गोला, आणि आमच्या गल्लीतसुद्धा चौकोनी पाइपचे दोन उभे राहिलेत.

बहुतेक ठिकाणी एकच पद्धत. फॅब्रिकेटर येतो, खांबाखाली प्लेट वेल्ड करतो, ड्रिल मशीन लावतो, फरशीत चार-चार भोकं पाडतो आणि बोल्ट ठोकून निघून जातो. माझं म्हणणं आहे की हे चुकीचं आहे. आणि त्याहून मोठं म्हणणं असं, की 'भोक पाडू नका' एवढंच सांगून हात झटकणारेही तितकेच चुकीचे आहेत.

आधी भोकाची गोष्ट. पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावर नुसता बसवलेला असतो. ८० मिलिमीटर जाडीच्या एका ब्लॉकचं वजन साधारण पाच किलो. त्यात बोल्ट मारला म्हणजे तुम्ही मांडव जमिनीला नाही, एका पाच किलोच्या ढेकळाला बांधलात! कोब्याचंही तेच. अंगणातला कोबा तीन-चार इंचांचा, त्यात सळ्या नाहीत. कडेच्या जवळ फास्टनर पिळला की तडा ठरलेला. शहाबादी फरशीबद्दल तर बोलायलाच नको.

आणि खाली स्लॅब असेल, म्हणजे गच्ची किंवा पाण्याच्या टाकीवरचा भाग, तर प्रकरण आणखी गंभीर. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वॉटरप्रूफिंग केलेलं असतं. भोक पाडलं की ती चादर फाटली. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी बोल्टच्या कडेने खाली उतरतं, सळीपर्यंत पोचतं. लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं. ते फुगतं आणि काँक्रीटला आतून ढकलतं. मग एक दिवस छताचा पोपडा खाली पडतो, आणि आपण म्हणतो, 'बिल्डरने माल खाल्ला'. बिल्डरने खाल्ला असेलही! पण बारा मिलिमीटरचं दार आपणच उघडून दिलेलं असतं.

थोडक्यात काय, तर ड्रिल करू नका. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. खरी गंमत पुढे आहे.

भोक नको म्हटल्यावर बहुतेक जण काय करतात? मांडव नुसता ठेवून देतात. 'एवढं लोखंड आहे, कुठे जातंय?' असं म्हणतात. आमच्या हॉस्टेलच्या चौकातही हेच झालं. खाली पाण्याची टाकी, म्हणून खड्डा किंवा भोक करायला परवानगी नाही, आणि ती नाही हे अगदी बरोबर. पण मग गणपतीचा मांडव कशावर उभा करायचा, हे कोणी सांगितलं नाही. मुलांनी खांब उभे केले, पायाला दोन-दोन विटा लावल्या आणि सुतळीने रेलिंगला बांधले. तिसऱ्या दिवशी रात्री वारा सुटला आणि अख्खा मांडव हातभर सरकला. मूर्तीला काही झालं नाही, कोणाला लागलं नाही, सकाळी सगळ्यांनी 'बाप्पाची कृपा' म्हटलं आणि मांडव परत जागेवर ओढला. बाप्पाची कृपा होतीच. पण आपण इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकतो ना? कृपेला 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' धरायची का आपण?

चला, जरा आकडेमोड करू. (सिव्हिलवाल्यांनो, हसू नका, मी मेकॅनिकलची आहे.) आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचं साधं सूत्र आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर येतं न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. वेगाचा वर्ग होतो, हे महत्त्वाचं. वारा दुप्पट झाला की दाब चौपट.

आपला मांडव धरू तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे दहा फुटी. वर ताडपत्री. क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर. छताच्या आकाराप्रमाणे गुणांक बदलतो, पण अंदाजासाठी तो १ धरू. ताशी ३६ किलोमीटर वारा असेल तर छताला वर उचलणारा जोर येतो सुमारे ५५ किलो. ताशी ७२ ला २२० किलो. ताशी १०८ ला जवळपास ५०० किलो! आणि चौकोनी पाइपच्या अशा मांडवाचं स्वतःचं वजन असतं शंभर-सव्वाशे किलो. म्हणजे ७२ च्या वाऱ्यातच तो जमीन सोडायला तयार असतो. मांडव पडतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो आधी उडतो आणि मग पडतो.

ताशी १०८ किलोमीटर म्हणजे फारच झालं, असं कोणाला वाटेल. रायगडवाल्यांनी तरी असं म्हणू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत. पत्रे कसे उडाले, पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या, ते श्रीवर्धन-मुरुडच्या मुलांना विचारा. आणि चक्रीवादळच कशाला हवं? १३ मे २०२४ ला मुंबईत वळवाच्या वादळात घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फूट जाहिरातीचा फलक कोसळला. १७ माणसं गेली. पेट्रोल भरायला आणि पावसाच्या आडोशाला आलेली माणसं होती ती. मांडव आणि फलक यात आकाराचा फरक आहे, पण प्रश्न तोच: वर एवढं क्षेत्रफळ वाऱ्याला दिलंत, त्याला धरून ठेवायला खाली काय ठेवलंत?

उत्तर अवघड नाही. पकड नसेल तर वजन द्या. हे काही परदेशी तंत्र नव्हे. आमच्या नागोठण्याला अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. सोळाव्या शतकात चौलच्या काझी अल्लाउद्दीनने तो बांधल्याचं जुन्या गॅझेटियरमध्ये दिलंय. त्या कमानींमध्ये ना नट ना बोल्ट. दगडाचं वजनच दगडाला जागेवर धरतं. आणि पुलापर्यंत तरी कशाला जायचं? अंगणातलं तुळशीवृंदावन बघा. त्याला कोणी ड्रिल मारलंय? तरी हलवून दाखवा!

हाच धागा पकडला की पर्गोल्याचा प्रश्न सुटतो. प्रत्येक खांबाला एक तुळशीवृंदावन द्या. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी काँक्रीटची कुंडी ओल्या मातीने भरली तर नुसती मातीच साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. खांबाला खाली आडवी प्लेट वेल्ड करून ती कुंडीच्या तळाशी ठेवायची आणि वर माती भरायची. वेलही त्याच कुंडीत लावायचा. ज्याची सावली हवी तोच वेल मांडवाला धरून बसेल. कुंडी नको असेल तर दोन फूट बाय दोन फूट बाय एक फूट काँक्रीटचा ठोकळा ओता, मधे पाइपची खोबण ठेवा. वजन २७० किलो. दहा फुटी मांडवाला ताशी १०८ च्या वाऱ्यासाठी, दीडपट सुरक्षा धरून, खांबामागे साधारण १५५ किलो लागतात. म्हणजे ठोकळा पुरून उरतो.

चार दिवसांचाच मांडव असेल तर दोनशे लिटरचे प्लास्टिकचे ड्रम आहेतच. पाणी भरलं की दोनशे किलो, काम झालं की रिकामे करून गच्चीवर. वाळू भरली तर आणखी जड. फक्त झाकण घट्ट हवं, नाहीतर मांडव वाचेल आणि हॉस्टेल डेंग्यूने आडवं होईल. आणि ड्रम खांबाशेजारी नुसता ठेवू नका, खांबाच्या पायाला चौकट करून तिच्यावर ठेवा. ड्रम शेजारी उभा राहून मांडव उडताना बघत बसला तर काय उपयोग!

आता तीन गोष्टी, ज्या सगळे विसरतात.

पहिली, वजन फक्त उचलण्याविरुद्ध नाही, सरकण्याविरुद्धही लागतं. चार ड्रम म्हणजे ८०० किलो, मांडव १२० किलो, वाऱ्याने उचलले ५०० किलो, उरले ४२० किलो. घर्षणाचा गुणांक ०.४ धरला तर आडवा जोर सहन होतो फक्त १७० किलो. आणि आपण काय करतो? डेकोरेशन म्हणून मागच्या बाजूला तीन मीटर बाय अडीच मीटरचा पडदा ताणतो. त्याच वाऱ्यात त्या पडद्यावर चारशे किलोचा जोर येतो. म्हणजे मांडव सरकणारच. आमच्या हॉस्टेलचा सरकला तो असाच, पडद्यामुळे. म्हणून वारा सुटला की पडदा सोडता आला पाहिजे, नाहीतर वजन दुप्पट-तिप्पट तरी पाहिजे. ठोकळ्याखाली रबराची चटई टाकली तर पकड वाढते आणि फरशीही वाचते.

दुसरी, चारही पाय खालून एका चौकटीने जोडा आणि कोपऱ्यांत तिरके टेकू द्या. नाहीतर वारा एकाच कोपऱ्याला पकडतो, तो उचलतो आणि बाकीचे तीन ड्रम बघ्याची भूमिका घेतात. सुटे चार पाय म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्रीचा प्रोजेक्ट ग्रुप. काम एकाच्याच अंगावर पडतं!

तिसरी, वजन खाली कुठे जातंय ते बघा. जमिनीवर चिंता नाही. पण गच्चीचा स्लॅब साधारण प्रत्येक चौरस मीटरला १५० किलो वरच्या भारासाठी धरलेला असतो. साडेतीनशे किलोची दोन फुटी कुंडी म्हणजे चौरस मीटरला हजार किलोच्या आसपास झालं. भोक पाडलं नाही म्हणून खुश होता होता स्लॅबच खचवाल! गच्चीवर कुंड्या ठेवायच्याच तर खाली बीम किंवा कॉलम असेल तिथे, आणि सिव्हिलच्या सरांना विचारून. टाकीच्या झाकणावर तर मुळीच नाही.

आणि हो, सगळ्यात स्वस्त उपाय सांगायचा राहिलाच. जिथे कोब्याच्या बाहेर दीड फूट तरी माती आहे, तिथे खांब त्या मातीतच पुरा. मांडव दोन-तीन फुटांनी रुंद होईल, पाइप जरा जाड लागेल. पण कोबा शाबूत आणि मेढ खरोखरच रोवलेली! माझ्या आजीला हाच उपाय सगळ्यात जास्त पटला.

काही जण म्हणतील, एवढ्याशा मांडवाचं काय घेऊन बसलीस? तर आता गावापुरतं नाही, शहरापुरतं बोलते. मुंबई महापालिका मांडवासाठी रस्त्यात केलेल्या प्रत्येक खड्ड्याला २ हजार रुपये दंड लावते. २०२२ च्या गणेशोत्सवानंतर लालबागचा राजा मंडळाला १८३ खड्ड्यांसाठी ३ लाख ६६ हजारांची नोटीस गेली होती. २०२५ मध्ये हा दंड खड्ड्यामागे १५ हजार करायचं ठरलं, मंडळं नाराज झाली, आणि तो पुन्हा २ हजारांवर आला. वर्षानुवर्षं हीच रस्सीखेच. पालिका म्हणते खड्डा करू नका. मंडळ म्हणतं मग मांडव उभा कसा करू? दोघांचंही खरं आहे. मंडळाच्या मांडवाखाली हजारो लोक उभे असतात, तो सैल ठेवून कसा चालेल? पण खड्डा नीट बुजवला नाही, तर पुढच्या पावसात त्याच खड्ड्यात कोणाची तरी बाईक जाते. दंड वाढवून किंवा कमी करून हा प्रश्न सुटणार नाही. पालिकेने दंडाच्या पावतीसोबत एक छापील कागद द्यावा: इतक्या फुटी मांडवाला इतक्या वजनाचा पाया, असा जोडा, असा तपासा. ठोकळे वॉर्ड ऑफिसने भाड्याने द्यावेत. प्रदर्शनांच्या हॉलमध्ये फरशीला हात लावू देत नाहीत, तरी तिथे स्टॉल उभे राहतातच ना? मग रस्त्यावर का नाही?

आणि शेवटी आपल्या हॉस्टेलबद्दल. रेक्टर सरांचा 'ड्रिल नाही, खड्डा नाही' हा नियम मला पूर्ण मान्य आहे. पण नियम अर्धाच आहे. 'नाही' सांगितलं, 'मग काय' ते सांगायचं राहिलं. आणि ते सांगायची जबाबदारी एकट्या सरांची नाही, आपलीही आहे. आपल्याकडे काँक्रीट लॅबमध्ये टेस्ट झालेले क्यूब ढिगाने पडून असतात. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग आहे. सेकंड इयरला वर्कशॉपच्या जॉबमध्ये आपण दोन पट्ट्या जोडतो, ग्रेड घेतो आणि त्या भंगारात टाकतो. त्याऐवजी एका बॅचने मांडवाच्या पायाच्या चार चौकटी केल्या तर? सिव्हिलने आठ ठोकळे ओतले, कड्या बसवून, चार जणांना ट्रॉलीवर हलवता येतील असे, तर? एकदाच खर्च. मग गणपती, गॅदरिंग, उन्हाळ्यात मेसच्या बाहेरची लाइन, सगळीकडे तेच वापरता येतील. आणि मांडवाच्या खांबावर एक पाटी लावा: 'ताशी इतक्या वाऱ्यापर्यंत, पडदा काढून'. वारा वाढला की पडदा कोण सोडणार त्याचं नाव आणि रूम नंबर त्याखाली लिहा. रात्रीपुरता वॉचमन काकांनाही दाखवून ठेवा.

गणपती दर वर्षी भर पावसाळ्यात येतात. वारा काही परवानगी मागून येत नाही. सिव्हिल आणि मेकॅनिकल एकत्र बसायला तयार असतील, तर आकडेमोडीची वही माझ्याकडे आहे. लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावा, मी येते. ठोकळ्यांना पुरेशी ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात, तेवढं मात्र लक्षात ठेवा.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल